कामगिरी घसरली? आधी कामाची परिस्थिती तपासा

एखाद्या विभागाचं काम मागे पडायला लागलं की बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोण कमी पडतंय? मग त्या व्यक्तीला बोलावून समज दिली जाते, प्रशिक्षणाला पाठवलं जातं, नाहीतर एखादी बक्षीस योजना जाहीर होते. काही दिवस फरक दिसतो आणि आकडे पुन्हा जिथल्या तिथे येतात. कारण ती व्यक्ती ज्या यंत्रावर, ज्या सूचनांवर, ज्या गोंगाटात काम करत होती, ते सगळं जसंच्या तसं राहिलेलं असतं.

गुणवत्ता व्यवस्थापनातले तज्ज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग आपल्या कार्यशाळांत एक प्रयोग करून दाखवत. एका खोक्यात ४००० मणी, त्यातले ८०० लाल आणि बाकीचे पांढरे. ५० खळगे असलेली पट्टी खोक्यात बुडवून मणी बाहेर काढायचे. लाल मणी म्हणजे सदोष माल. कुणाच्या पट्टीत सात लाल मणी येत, कुणाच्या तेरा. डेमिंग ‘पर्यवेक्षक’ होऊन सातवाल्याचं कौतुक करत, तेरावाल्याला झापत, पुढच्या फेरीत आकडे उलटेपालटे झाले की पुन्हा तेच. सगळ्यांना दिसत असायचं, की लाल मणी किती येणार हे खोक्यावर ठरतंय. मणी काढणाऱ्याच्या हातात काहीच नाही. प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी मात्र खोकं आपल्याला दिसत नाही, माणूस तेवढा दिसतो.

कामगिरीचा अभ्यास करणाऱ्या थॉमस गिल्बर्ट यांनी १९७८ मध्ये यावर एक उपयोगी मांडणी केली. कामगिरी ठरवणाऱ्या सहा गोष्टींपैकी तीन त्यांनी परिस्थितीच्या बाजूला ठेवल्या: माहिती, साधनं आणि कामाचं फळ. उरलेल्या तीन व्यक्तीच्या बाजूला: ज्ञान, क्षमता आणि इच्छा. त्यांचं म्हणणं असं, की शोध परिस्थितीच्या बाजूने सुरू करावा, कारण तिथली दुरुस्ती सहसा स्वस्त असते आणि एकाच वेळी अनेकांना उपयोगी पडते. पुढचा क्रम मोठ्या प्रमाणात याच विचारावर बेतलेला आहे. कार्यालय असो, कारखाना असो, रुग्णालयाचा वॉर्ड असो की गोदाम, क्रम तोच ठेवता येतो. प्रत्येक टप्प्यावर किती वेळ द्यायचा ते मात्र तुमच्या कामावर ठरेल.

१. तक्रार नेमक्या शब्दांत लिहा

‘टीममध्ये उत्साह नाही’, ‘काम नीट होत नाही’ अशा वाक्यांवर काहीच करता येत नाही. कागद घ्या आणि चार गोष्टी लिहा. काय कमी पडतंय, किती कमी पडतंय, कधीपासून, आणि कुठे. ‘दुपारच्या पाळीत परत येणारा माल गेल्या तीन महिन्यांत वाढला, सकाळच्या पाळीत वाढलेला नाही’ हे वाक्य कामाचं आहे. त्यातच अर्धा तपास झालेला असतो.

मग उलटा प्रश्न विचारा: ही अडचण कुठे नाही? एकाच पाळीतले सगळेच मागे पडत असतील तर कारण त्या पाळीच्या परिस्थितीत असण्याची शक्यता मोठी. तीच व्यक्ती दुसऱ्या टेबलावर किंवा दुसऱ्या प्रमुखाच्या हाताखाली चांगलं काम करत असेल तरी तेच. फक्त एकच व्यक्ती, सगळीकडे, सतत मागे पडत असेल तर गोष्ट वेगळी, आणि तिचा विचार शेवटच्या टप्प्यात आहे. तोवर कुणाचंही नाव कागदावर लिहू नका.

आकडे बघताना महिना-दोन महिन्यांच्या चढउतारावर लगेच अर्थ लादू नका. किमान सहा-आठ महिन्यांची ओळ काढून बघा. वर-खाली होणं हे कुठल्याही कामात असतंच. एका खराब आठवड्यावरून बैठक बोलावणं म्हणजे त्या लाल मण्यांवरून समज देण्यासारखंच आहे.

२. जिथे काम होतं तिथे जाऊन बसा

अहवाल वाचून परिस्थिती कळत नाही. निदान एक पूर्ण पाळी, शक्य तर वेगवेगळ्या दिवशी दोन-तीन वेळा, काम चालतं तिथे थांबा. आधी सांगून जा: ‘मी तुमचं काम तपासायला आलेलो नाही, तुम्हाला काय आडवं येतं ते बघायला आलोय.’ आणि हा शब्द पाळा. त्या दिवशी पाहिलेल्या गोष्टीवरून पुढे एकालाही बोल लागला तर तुम्हाला खरं चित्र पुन्हा दिसणार नाही.

बघायचं काय? माणसं कशाची वाट बघत थांबतात. काय शोधतात. कुठला प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. कुठलं काम दुसऱ्यांदा करावं लागतं. आणि कुठे कुणी स्वतःची पळवाट काढली आहे: संगणकाच्या पडद्याच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी, यंत्राखाली सरकवलेली लाकडी पाचर, अधिकृत नमुन्याऐवजी वापरली जाणारी खासगी वही. या पळवाटा मला फार मोलाच्या वाटतात. व्यवस्थेत जिथे भोक आहे तिथेच त्या असतात, आणि ते बुजवायला कुणीतरी आपली बुद्धी आधीच खर्च केलेली असते.

प्रश्नही नेमके विचारा. ‘काही अडचण आहे का?’ याला उत्तर ‘नाही साहेब, सगळं ठीक’ असंच येतं. त्याऐवजी ‘काल काम कुठे अडलं होतं?’, ‘नवीन माणूस आला की सगळ्यात आधी कुठे गोंधळतो?’, ‘एक गोष्ट उद्या बदलून मिळणार असेल तर कुठली मागाल?’ असं विचारलं की बोलणं सुरू होतं. सफाई करणाऱ्यांना आणि रात्रपाळीवाल्यांना विसरू नका. दिवसाच्या बैठकीत न येणाऱ्या गोष्टी त्यांना ठाऊक असतात.

एक सावधगिरी. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून प्रकाशाच्या परिणामावर प्रयोग झाले. प्रकाश वाढवला तरी उत्पादन वाढतं आणि कमी केला तरी वाढतं, म्हणजे आपल्याकडे लक्ष दिलं जातंय या जाणिवेनेच माणसं जास्त काम करतात, असा निष्कर्ष त्यातून प्रसिद्ध झाला. पुढे मूळ आकडे पुन्हा तपासले गेले तेव्हा हा परिणाम सांगितला जातो इतका ठळक नसल्याचं दिसलं. तरी व्यवहारापुरता धडा घ्यायला हरकत नाही: पहिल्या दिवशी जे दिसतं ते रोजचं असेलच असं नाही, आणि बदलानंतर लगेच दिसलेली सुधारणा टिकेलच असंही नाही.

३. माहिती: सगळ्यात स्वस्त दुरुस्ती

एक सोपी चाचणी करा. कर्मचाऱ्याला त्याच्या कामातल्या सगळ्यात महत्त्वाच्या तीन गोष्टी लिहायला सांगा, आणि प्रत्येक गोष्ट ‘चांगली झाली’ हे कशावरून ओळखायचं तेही. त्याच्या थेट वरिष्ठाकडून, वेगळं बसवून, हेच लिहून घ्या. दोन्ही कागद शेजारी ठेवा. यादी जुळली नाही तर दोष दोघांपैकी कुणाचाच नाही. अपेक्षा कधी स्पष्ट बोलल्याच गेलेल्या नाहीत. एक तास समोरासमोर बसून ही यादी एक करा आणि लिहून ठेवा. याला खर्च शून्य, आणि माझ्या मते एवढ्या एका कृतीने सुटणाऱ्या तक्रारी खूप असतात.

दुसरी गोष्ट, केलेल्या कामाचा निकाल किती लवकर कळतो. पॅकिंग करणाऱ्याला माल परत आल्याची बातमी महिन्याने कळत असेल तर त्या महिन्यात तीच चूक शेकडो वेळा होऊन गेलेली असते. निकाल त्याच दिवशी, त्याच व्यक्तीपर्यंत, आरोपाचा सूर न लावता पोहोचेल अशी वाट काढा. भिंतीवरचा एक साधा फळाही चालतो, फक्त त्यावर व्यक्तींची नावं नकोत, कामाचे आकडे असावेत.

तिसरी, दोन वरिष्ठांचे दोन हुकूम. एक म्हणतो वेग वाढवा, दुसरा म्हणतो एकही चूक चालणार नाही. मधला माणूस जो जास्त ओरडतो त्याचं ऐकतो. आधी काय आणि नंतर काय, हे वरिष्ठांनी आपसात ठरवून एकाच तोंडून सांगायला हवं.

मोजमाप ठरवताना जपा. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल मांडलेलं निरीक्षण आता सगळीकडे लागू केलं जातं: माप हेच लक्ष्य झालं की ते चांगलं माप राहत नाही. ग्राहकांचे फोन घेणाऱ्यांना ‘कॉल किती मिनिटांत संपवला’ यावर गुण दिले तर कॉल लवकर संपतात आणि तोच ग्राहक पुन्हा फोन करतो. म्हणून वेगाच्या प्रत्येक मापाशेजारी दर्जाचं एक माप ठेवा.

४. साधनं आणि मंजुऱ्या

इथे फार तत्त्वज्ञान लागत नाही. आठवडाभर प्रत्येक टेबलावर एक ‘अडथळा वही’ ठेवा. काम थांबलं की वेळ, कारण आणि किती मिनिटं गेली, एवढंच लिहायचं. नाव लिहायचं नाही. आठवड्याने बेरीज करा. छपाई यंत्राची वाट, संगणकाचा पासवर्ड, एकच कात्री तिघांत, सही करणारे अधिकारी बैठकीत, अशी कारणं वर येतात. किरकोळ वस्तूंच्या खरेदीचा आणि छोट्या मंजुऱ्यांचा अधिकार खाली देऊन टाका. वहीतली निदान दोन-तीन कारणं पुढच्याच आठवड्यात दूर करा आणि दूर केली हे सांगा. वही भरून घेतली आणि काहीच झालं नाही, तर पुढच्या वेळी ती कोरी येईल.

५. प्रकाश, हवा, तापमान, आवाज, बैठक

भौतिक परिस्थितीबद्दल दोन टोकं दिसतात. काहींना वाटतं रंगीत भिंती आणि नवं फर्निचर आणलं की काम सुधारेल. काहींना वाटतं ज्याला काम करायचं तो कुठेही करतो. दोन्ही खरी नाहीत. वाईट परिस्थिती कामगिरी नक्की खाली ओढते. ती सुधारली की तो ओढा थांबतो, पण त्यापलीकडे सजावटीतून फारसं हाती लागत नाही.

प्रकाश. वाचन, लेखन आणि संगणकाच्या कामासाठी टेबलावर ५०० लक्स (लक्स हे प्रकाश मोजण्याचं एकक) हा युरोपीय मानकातला आकडा आहे. तांत्रिक आरेखनाला ७५० लागतात. प्रकाशमापक उपकरण उसनं मिळालं तर उत्तम, मोबाइलवरची ॲप्स ढोबळ अंदाजापुरती चालतात. पण नुसता आकडा बघू नका, डोळ्यांवर येणारी झळाळी बघा. संगणकाचा पडदा खिडकीच्या समोर किंवा खिडकीकडे पाठ करून ठेवू नका. तो खिडकीला काटकोनात ठेवा. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि तेवढ्याच कामाला जास्त प्रकाश लागतो. म्हणून सगळ्यांना सारखा प्रकाश देण्याऐवजी मागेल त्याला टेबलावरचा दिवा द्या.

हवा. बंद खोलीत दुपारी सगळ्यांना जांभया येतात तेव्हा दोष जेवणाला दिला जातो. कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र ठेवून बघा. बाहेरच्या हवेत त्याचं प्रमाण ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतं. खोलीत ते १००० च्या वर राहत असेल तर माणसांच्या संख्येच्या मानाने ताजी हवा कमी पडते आहे. त्या पातळीला हा वायू स्वतः विषारी नसतो, हवा बदलत नाही याची ती खूण समजायची. अनेक वातानुकूलन यंत्रं खोलीतलीच हवा थंड करून फिरवतात, बाहेरची हवा आत घेत नाहीत, हे पुष्कळांना माहीत नसतं. बैठकांच्या मध्ये दहा मिनिटं दार-खिडक्या उघडण्यानेही फरक पडतो.

तापमान. यावरून होणारी भांडणं कधी पूर्ण मिटत नाहीत आणि त्याला शास्त्रीय आधार आहे. डॅनिश संशोधक ओले फांगर यांच्या १९७० मधल्या गणितानुसार खोलीचं तापमान कितीही नेमकं ठेवलं तरी निदान ५ टक्के लोक असमाधानी राहतातच. वातानुकूलित कार्यालयांतल्या अभ्यासांचं सार असं, की २२ अंश सेल्सिअसच्या आसपास काम सगळ्यात चांगलं होतं आणि २५ च्या पुढे ते हळूहळू घसरतं. खिडक्या उघडता येतात अशा इमारतींत मात्र लोक याहून जास्त तापमानही सहज सोसतात, कारण नियंत्रण त्यांच्या हाती असतं. त्यामुळे एक आकडा ठरवून तो सगळ्यांवर लादण्यापेक्षा टेबलपंखा, जागा बदलण्याची मुभा, गार झोताची दिशा वळवणं, असे छोटे उपाय द्या.

भट्टीजवळ, उन्हात किंवा गरम गोदामात काम असेल तर प्रश्न सोयीचा राहत नाही, जिवाचा होतो. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी उष्णतेत नेहमीच्या वेळेच्या २० टक्केच काम द्यावं आणि रोज फार तर तेवढंच वाढवत न्यावं, अशी अमेरिकेतल्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संस्थेची शिफारस आहे. दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान लागली नसली तरी. पाण्याची जागा कामापासून लांब असेल तर हे होणार नाही, म्हणून पाणी माणसांजवळ न्या.

आवाज. त्याच संस्थेची शिफारस अशी, की आठ तासांच्या कामात सरासरी ८५ डेसिबलची मर्यादा ओलांडू नये. त्यापुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ डेसिबलला चारच तास. मापक नसेल तर हातभर अंतरावरच्या माणसाशी मोठ्याने ओरडून बोलावं लागतं का बघा. लागत असेल तर आवाज धोक्याच्या पातळीला आहे. इथे कानात बोळे देऊन मोकळं होऊ नका. सुरक्षेच्या शास्त्रात उपायांचा क्रम ठरलेला आहे: धोका काढून टाका, नाहीतर कमी धोक्याचं काही वापरा, नाहीतर यंत्राला आवरण घाला, मग कामाच्या वेळा बदला, आणि सगळ्यात शेवटी अंगावर घालायची साधनं.

कार्यालयात त्रास वेगळा असतो. तिथे यंत्राच्या घरघरीपेक्षा शेजाऱ्याचं स्पष्ट ऐकू येणारं बोलणं लक्ष मोडतं. भिंती काढून मोकळी जागा केली की लोक एकमेकांशी जास्त बोलतील असं मानलं जायचं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या संशोधकांच्या अभ्यासात दोन मोठ्या कंपन्यांमध्ये उलट दिसलं. मोकळ्या रचनेत गेल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. भिंती परत बांधता येणार नसतील तर निदान एक शांत खोली राखून ठेवा, फोनवर बोलायची जागा वेगळी करा आणि दिवसातले दोन तास ‘कुणी कुणाला उठवायचं नाही’ असे ठरवा.

बैठक. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर हातभर, कोपर साधारण काटकोनात, पाय जमिनीवर टेकलेले. लॅपटॉपवर दिवसभर काम असेल तर वेगळा कीबोर्ड हवाच, त्याशिवाय मान आणि हात दोन्ही एकदम नीट राहूच शकत नाहीत. उभ्याने करायच्या कामात टेबलाची उंची कामावर ठरवा: बारीक काम कोपराच्या थोडं वर, हलकं जुळणीकाम कोपराच्या जरा खाली, जोर लावायचं काम आणखी खाली. आणि दिवसभर उभं राहणाऱ्याला टेकायला स्टूल द्या. बसलेला माणूस आळशी दिसतो म्हणून स्टूल काढून घेणारे पर्यवेक्षक असतात. त्याने काम वाढत नाही, पाठी तेवढ्या दुखतात.

६. कामाचा भार आणि वेळ

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा टप्पा, आणि बहुतेक जण इथेच डोळेझाक करतात. प्रत्येक माणूस प्रत्येक मिनिट कामात असावा, हे नियोजन कागदावर छान दिसतं. पण काम जिथे अनियमित येतं आणि प्रत्येकाला लागणारा वेळ कमीजास्त असतो, तिथे रांगेचं गणित वेगळंच सांगतं. एकच खिडकी आणि तिच्यापुढे एकच रांग, या सर्वांत साध्या सूत्रानुसार, माणूस ५० टक्के वेळ व्यग्र असेल तर नव्या कामाला सरासरी एका कामाइतका वेळ थांबावं लागतं. ८० टक्क्यांना चार कामांइतका, ९० टक्क्यांना नऊ आणि ९५ टक्क्यांना एकोणीस. म्हणजे शेवटचे पाच टक्के पिळून काढताना वाट बघण्याचा वेळ दुपटीहून जास्त होतो. ‘सगळे मान मोडून काम करतात तरी काहीच वेळेवर होत नाही’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे असतं. उपाय दोन: भारात थोडी मोकळीक ठेवा, किंवा एका वेळी हाती घेतलेल्या कामांची संख्या कमी करा. दुसरा उपाय उद्यापासून करता येतो. चालू कामांची यादी लिहा, तीन ठेवा, बाकीची थांबली आहेत असं उघडपणे जाहीर करा.

जादा तासांबद्दलचा पुरावा जुना आणि भक्कम आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांचे आकडे अर्थतज्ज्ञ जॉन पेंकाव्हेल यांनी पुन्हा तपासले आणि २०१४ मध्ये मांडले. आठवड्याला सुमारे ५० तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढत होतं, पुढे वाढ मंदावली, आणि ७० तासांचं उत्पादन ५६ तासांच्या उत्पादनापेक्षा फारसं वेगळं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. महिन्याच्या शेवटी दोन दिवस जादा थांबणं वेगळं, आणि वर्षभर तेच चालणं वेगळं. जादा तासांची नोंद व्यक्तीनुसार काढा. तीच तीच दोन नावं वर येत असतील तर तिथे माणूस वाढवा किंवा काम कमी करा.

पाळ्या फिरवायच्या असतील तर सकाळ, मग दुपार, मग रात्र अशा क्रमाने फिरवा, शरीराला तो सोपा जातो. रात्रपाळी संपवून लगेच सकाळची बैठक ठेवू नका. सलग १७ तास जागं राहिल्यावर हाताची आणि लक्षाची अचूकता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते, असं १९९७ मधल्या प्रयोगात दिसलं होतं. अशा माणसाच्या हाती यंत्र किंवा औषधाची मात्रा देऊन चूक झाली की त्यालाच दोष देणं अन्याय आहे.

भार सोसवतो की नाही हे आणखी एका गोष्टीवर ठरतं. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये दाखवलं, की मागणी जास्त आणि निर्णयाचा अधिकार कमी, हा जोड सगळ्यात ताण देतो. तेवढंच काम, पण कोणतं आधी करायचं, विश्रांती कधी घ्यायची हे ठरवायची मुभा असली तर ते पेलतं. भार कमी करणं हाती नसेल तेव्हा निदान क्रम ठरवायचा हक्क द्या.

७. बोलता येतं का?

१९९० च्या दशकात संशोधक एमी एडमंडसन रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करत होत्या. जिथे नेतृत्व चांगलं, तिथे चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. आकडे उलटे आले, त्या वॉर्डांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर कळलं, की तिथे चुका लपवल्या जात नव्हत्या. म्हणून तुमच्या विभागात चुकांची नोंद शून्य असेल तर खूश होण्याआधी शेवटची वाईट बातमी तुम्हाला कुणी, कधी आणि काय घडल्यावर सांगितली ते आठवा.

यासाठी व्याख्यानं लागत नाहीत. वाईट बातमी आणणाऱ्याला पहिलं वाक्य ‘बरं झालं सांगितलंत’ हे म्हणा, आणि मग कारणांकडे वळा. बैठकीत सगळ्यात कनिष्ठ माणसाला आधी बोलू द्या. चारचौघांत कुणाचा पाणउतारा करू नका, आणि तुमच्या हाताखालचा कुणी करत असेल तर त्याच दिवशी थांबवा. अपमान, छळ, लैंगिक त्रास, जातीधर्मावरून टोमणे या गोष्टींची ‘आधी निरीक्षण करू’ या यादीत जागा नाही. त्यांवर कायद्यातली प्रक्रिया लगेच सुरू करायची.

८. चांगल्या कामाचं फळ काय मिळतं?

प्रत्येक महत्त्वाच्या कामासाठी दोन ओळी लिहा: नीट केलं तर त्या व्यक्तीचं काय होतं, टाळलं तर काय होतं. पुष्कळ ठिकाणी उत्तर अस्वस्थ करणारं असतं. लवकर संपवणाऱ्याच्या टेबलावर दुसऱ्याचं काम येतं. अडचण दाखवणाऱ्यालाच ती सोडवायला सांगतात. सुरक्षेचे सगळे नियम पाळणारा आकड्यांत मागे दिसतो. बक्षीस वाढवण्याआधी ही न दिसणारी शिक्षा काढा. पगार वेळेवर आणि समान कामाला समान, एवढं पाळल्याशिवाय कुठलीच योजना टिकत नाही.

९. एका वेळी एक बदल

इथवर दहा-पंधरा अडचणींची यादी झाली असेल. प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहा: किती जणांना लागते, दुरुस्तीला किती वेळ आणि पैसा, आणि जिवाला धोका आहे का. धोक्याच्या गोष्टी रांगेबाहेर, आजच. बाकीच्यांतून जास्त जणांना लागणारी आणि लवकर होणारी एक निवडा. ती एकाच पाळीत किंवा एकाच खोलीत चार ते सहा आठवडे करून बघा. आधीचा आकडा लिहून ठेवलेला हवा, नाहीतर नंतर जो तो आपल्या मनासारखा निष्कर्ष काढतो. एकदम पाच बदल केले तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. सोबत एक बाजूचा आकडाही बघत राहा: वेग वाढला पण रजा वाढल्या, असं झालं तर बदल फसलेला आहे.

घरून काम करणाऱ्यांनाही हीच यादी लागू आहे, फक्त तुम्हाला दिसत नाही म्हणून विचारावं लागतं: खुर्ची कशी आहे, नेट कितीदा तुटतं, संध्याकाळी किती वाजता संदेश येणं थांबतं.

१०. आता व्यक्तीकडे

परिस्थिती दुरुस्त होऊनही एखादी व्यक्ती मागे राहिली तर आता तिच्याशी एकट्याने बोला. तीन शक्यता वेगळ्या करा. काम येत नसेल तर शिकवा, आणि वर्गात शिकवण्यापेक्षा जाणत्या सहकाऱ्याजवळ बसवा. येतं पण झेपत नसेल, म्हणजे नजर, पाठ, आजारपण, घरातली शुश्रूषा, तर कामाची रचना किंवा जागा बदला. येतं, झेपतं, तरी होत नसेल, तर अपेक्षा, मुदत आणि पुढचा परिणाम लिहून द्या आणि दर आठवड्याला भेटा. या बोलण्यात तुमची बाजू आता भक्कम असते, कारण ‘साहेब, यंत्रच चालत नाही’ हे उत्तर तुम्ही आधीच ऐकून घेतलेलं आणि मिटवलेलं असतं.

ही सगळी तपासणी वर्षातून दोनदा करा. त्याशिवाय नवं यंत्र आलं, जागा बदलली, माणसं वाढली किंवा प्रमुख बदलला की पहिल्या महिन्यातच अडथळा वही पुन्हा टेबलांवर ठेवा.